उन्हाळी सुटी आणि गावचे वाचनालय

उन्हाळी शिबिर म्हटले की सकाळी दहाचा वर्ग, चित्रकला, हस्तकला असे चित्र डोळ्यांपुढे येते. चंद्रपूर-गडचिरोलीत ते जसेच्या तसे उचलून चालत नाही. इथे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पलीकडे जातो. म्हणूनच तर विदर्भातल्या शाळा उर्वरित राज्यापेक्षा उशिरा उघडतात.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे, शाळेची सुटी हा जंगलालगतच्या गावांत घराच्या कमाईचा हंगाम असतो. आधी मोहफुले वेचायची, मग मे महिन्यात तेंदूपत्ता. पहाटे घरची माणसे जंगलात जातात आणि परतल्यावर सावलीत बसून पानांचे पुडे बांधतात. मुलेही हाताशी असतात. मग वाचनालयाने कार्यक्रम ठेवायचा केव्हा आणि कोणासाठी? ऊन उतरल्यावर, आणि साऱ्या घरासाठी.

याची गरज काय, असे कोणी विचारील. नुकते वाचू लागलेले मूल दोन महिने पुस्तकापासून दूर राहिले की अडखळू लागते. ज्या घरात गोंडी किंवा माडिया बोलली जाते, तिथे शाळा बंद झाली की छापील मराठीही दिसेनाशी होते. शहरातल्या मुलाच्या घरी निदान वर्तमानपत्र असते. म्हणजे सुटी सगळ्यांना सारखीच मिळते, तिचे नुकसान मात्र सारखे नसते.

हे नुकसान भरून काढण्याची जागा आपल्याकडे आहे. कोल्हापूर संस्थानाने १९४५ मध्येच ग्रंथालयाचा कायदा केला होता. महाराष्ट्राचा सार्वजनिक ग्रंथालय कायदा १९६७ चा. त्यानुसार शासनमान्य ग्रंथालयांना अ, ब, क, ड अशा वर्गवारीप्रमाणे अनुदान मिळते. गडचिरोलीत पोलीस दलाच्या 'एक गाव, एक वाचनालय' उपक्रमातूनही दुर्गम गावांत वाचनालये उभी राहिली आहेत. कपाटे आली, पुस्तके आली. आता माणसे यायला हवीत.

त्यासाठी मोठा खर्च लागत नाही. आठवड्यातून दोन संध्याकाळी वाचनालयाच्या अंगणात सतरंजी टाकावी. एखाद्या आजीने गोंडीत किंवा माडियात गोष्ट सांगावी, मोठ्या मुलीने ती मराठीत सांगावी, धाकट्यांनी चित्रे काढावीत. ते कागद शिवून झालेले पुस्तक वाचनालयाच्या नोंदवहीत रीतसर चढवावे. आपल्या आजीची गोष्ट कपाटात बसली, की त्या कपाटाची भीती उरत नाही.

मोठ्या माणसांसाठी पंधरा मिनिटे वेगळी ठेवावीत. तेंदूच्या मजुरीचा हिशेब, वनहक्काचे कागद, एखादी सरकारी योजना मुलांनी मोठ्याने वाचावी आणि आईवडिलांनी ऐकावी. मुलाचा सराव होतो, घराला माहिती मिळते. एकत्र बसून शिकणे या मुलखाला नवे नाही. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाचे अभ्यासगट प्रसिद्ध आहेत. २००९ मध्ये देशात सर्वप्रथम सामूहिक वनहक्क मिळालेल्या गावांत मेंढा होते, आणि त्यामागे असा अभ्यास होता.

शेवटची गोष्ट पुस्तके घरी देण्याची. फाटतील, हरवतील म्हणून अनेक ठिकाणी कपाटाला कुलूप असते. हंगामापुरती अनामत आणि दंड बाजूला ठेवता आला तर पाहावे. एका घराला एकदम तीन-चार पुस्तके द्यावीत. एखादे फाटलेच तर डिंकाने चिकटवता येते. वाचनाची मोडलेली सवय जोडणे त्याहून कठीण असते.

या जंगलांतल्या बांबूपासून बल्लारपूरच्या गिरणीत वर्षानुवर्षे कागद झाला आणि देशभर गेला. त्यातली चार पाने इथल्या मुलांच्या हाती सुटीतही असावीत, एवढेच मागणे आहे.