देव (शब्दव्युत्पत्ती)
ऋग्वेदातील ‘देव’ हा शब्द ‘दिव्’ (प्रकाशणे) या धातूशी संबद्ध असून लॅटिन ‘देउस’ व अवेस्ती ‘दएव’ हे त्याचे सगोत्र इंडो-यूरोपियन शब्द होत. अवेस्तात मात्र ‘दएव’ म्हणजे त्याज्य, दुष्ट शक्ती. ग्रीक ‘थेऑस’ (देव) याच कुळातला असावा, असा मोह सहज होतो. तथापि ग्रीकमधील ‘थ’ मूळ ‘ध’पासून येतो, ‘द’पासून नव्हे. त्यामुळे हे साम्य फसवे ठरते. वैदिक ‘द्यौस्’चा ग्रीक सगोत्र ‘झेउस’ होय. अर्थसाम्यही सगोत्रतेचा पुरावा नव्हे. पनवेल (जि. रायगड) येथील बेने इस्रायलांच्या ‘बेथ एल’ (देवाचे घर) या सभास्थानाचे (१८४९) नाव बायबलमधील असून त्यातील हिब्रू ‘एल’ हा अकेडियन ‘इलु’प्रमाणे सेमिटिक आहे. मराठी ही मातृभाषा असलेल्या या समाजात प्रार्थनेतला ‘एल’ व बोलण्यातला ‘देव’ एकाच अर्थाने नांदतात.