करंडक वनस्पतीची नवी जाती कशी ठरते?

कन्नड परिसरातून वाहणाऱ्या शिवना नदीच्या पात्रात ओल्या दगडावर बोट फिरविले की तपकिरी, बुळबुळीत थर हाताला लागतो. व्यवहारात आपण त्यास शेवाळ म्हणून सोडून देतो. सूक्ष्मदर्शकाखाली मात्र अशा थरात काचेच्या नक्षीदार डब्यांसारख्या असंख्य पेशी दिसतात. डबी आणि झाकण अशा दोन भागांच्या सिलिकामय कवचामुळे त्यांना मराठीत ‘करंडक वनस्पती’ हे समर्पक नाव मिळाले. शास्त्रज्ञ त्यांना डायाटम म्हणतात. काही दगडाला चिकटून राहतात, तर काही तलावात व समुद्रात प्लवक म्हणून तरंगतात. पृथ्वीवरील प्रकाशसंश्लेषणाचा सुमारे एक-पंचमांश भाग याच सूक्ष्म जीवांकडून होतो.

महाराष्ट्रात या विषयाची परंपरा जुनी आहे. ह. पृ. गांधी यांनी पन्हाळगडावरील डायाटमांचे वर्णन १९५९ साली प्रसिद्ध केले. सरोदे व कामत यांचा महाराष्ट्रातील गोड्या पाण्याच्या डायाटमांवरील ग्रंथ १९८४ साली तत्कालीन औरंगाबाद येथूनच प्रकाशित झाला.

ओळख पटविण्याची रीत

निराळी पेशी दिसली म्हणजे नवी जाती सापडली, असे नव्हे. पाण्याचा नमुना घेताना स्थळ व दिनांक नोंदवावा लागतो. नंतर आम्लाच्या साहाय्याने पेशीतील सेंद्रिय भाग नाहीसा करून केवळ कवच काचपट्टीवर पक्के बसवितात. कवचाची लांबी-रुंदी आणि दहा मायक्रॉन अंतरात, म्हणजे मिलिमीटरच्या शंभराव्या भागात, किती रेषा बसतात हे मोजतात. येथे एक अडचण असते. पेशी दुभंगते तेव्हा प्रत्येक अर्धा भाग आपल्या आत नवे, लहान कवच तयार करतो. त्यामुळे पिढ्यानुपिढ्या आकार घटत जातो आणि एकाच जातीची लहानमोठी रूपे भिन्न भासतात. म्हणून अनेक पेशी तपासणे अपरिहार्य ठरते.

पूर्वीच्या सर्व वर्णनांशी तुलना करूनही वेगळेपण टिकले, तरच नाव दिले जाते. आधारनमुना मान्यताप्राप्त संग्रहालयात ठेवून वर्णन प्रसिद्ध करावे लागते. वर्णन किंवा भेददर्शक टिपण लॅटिनमध्ये देण्याचे बंधन होते. १ जानेवारी २०१२ पासून इंग्रजीही चालते.

पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने २०२४ मध्ये जाहीर केलेली ‘इंडिकोनेमा’ ही प्रजाती याचे बोलके उदाहरण होय. तिच्या जवळच्या गणातील पेशींना केवळ पायाकडील टोकास सूक्ष्म छिद्रांचा पट्टा असतो. हिला तो दोन्ही टोकांस आढळला. एवढ्या बारीक भेदावर नव्या प्रजातीची उभारणी झाली.

नावाचे महत्त्व

काही जाती स्वच्छ पाण्यातच वाढतात, तर काही सांडपाण्यात फोफावतात. त्यामुळे त्यांच्यावरून नदीचे आरोग्य अजमावता येते. परंतु युरोपातील पुस्तकांवरून इथल्या जातीस परके नाव दिले, तर पाण्याविषयीचा निष्कर्षही चुकू शकतो. शिवाय पाणवठा बदलला की जुना आधारनमुना हाच त्याच्या पूर्वस्थितीचा साक्षीदार उरतो.

जैवविविधता अधिनियम, २००२ अन्वये ग्रामपंचायतींत लोक जैवविविधता नोंदवही ठेवली जाते. तीत वृक्ष, पशू, पक्षी यांच्याबरोबर गावच्या पाणवठ्यांचीही दिनांकवार नोंद झाली आणि शिक्षकांनी शाळेच्या सूक्ष्मदर्शकाखाली तेथील एक थेंब विद्यार्थ्यांना दाखविला, तर उद्याच्या अभ्यासकास आजचे पाणी ओळखणे सुकर होईल.