क्वार्टर मटन

‘डर्बनमध्ये चांगले हिंदुस्थानी जेवण कुठे?’ असे विचारून आम्ही खालाच्या घरात भांडणच लावले. तिघांची तीन हॉटेले! एकमत एवढेच, की खायचा तो बनी चाव. ब्रेडचा चौथा हिस्सा पोखरून त्यात मटणाचा रस्सा भरायचा, काढलेला गर वर झाकण म्हणून ठेवायचा. ‘क्वार्टर मटन’ म्हटले की झाले. सोबत किसलेले गाजर, कांदा, मिरची. आम्ही चमचा मागितला, तर खालाचा नातू लाजला.

नातवाला उपनगरातले नवे हॉटेल हवे होते. खालूजान मात्र जुमा मशिदीजवळच्या जुन्या ग्रे स्ट्रीटसाठी अडून बसले. वर्णभेदाच्या काळात काळ्या गिऱ्हाइकाला आत बसवत नसत. पोरवयात खालू तिथेच एका दुकानात मागच्या दाराने त्यांना असे भरलेले पाव देत. “पैसे तेवढेच घ्यायचो, खुर्ची नाही द्यायचो,” ते म्हणाले. नातू गप्प झाला.

शेवटी ग्रे स्ट्रीटलाच गेलो. शेजारच्या टेबलावर एक झुलू कुटुंब निवांत जेवत होते. खालू बराच वेळ तिकडेच पाहत राहिले. रस्सा झणझणीत होता. बटाटे मात्र जास्त, असे खाला बोललीच.