पटावरचे सैन्य आणि पोटावरचे सैन्य

संगणकावरील युद्धखेळ हा विषय अकादमीच्या वार्षिकात यावा याचे काही वाचकांना नवल वाटेल. पण आजच्या तरुण वाचकाची मराठी फौजेशी पहिली भेट बखरीत किंवा कादंबरीत होतेच असे नाही. पुष्कळदा ती पडद्यावर होते. २००९ मध्ये आलेल्या ‘एम्पायर : टोटल वॉर’ या खेळात मराठ्यांचे राज्य खेळाडूच्या हाती दिलेले आहे. ‘युरोपा युनिव्हर्सालिस ४’ या २०१३ च्या खेळातही ते उभे करता येते. ज्याने या खेळांचे नियम आखले, त्याने एका परीने इतिहासच सांगितला आहे. फरक इतकाच, की तो वाक्यांत न सांगता बेरीज-वजाबाकीत सांगितला आहे.

मी ग्वाल्हेरला पदवीच्या वर्गांना इतिहास शिकवतो आणि गेली काही वर्षे विद्यार्थ्यांकडून कागदी नकाशावर असे खेळ आखून घेतो. त्या कामातून एक गोष्ट मला पटत गेली. खेळ खरा वाटतो तो अंगरख्याच्या बाराबंदीमुळे किंवा तोफेच्या आवाजामुळे नव्हे. त्यात काय मोजले आहे आणि काय मोजायचे सोडले आहे, यावर त्याचा खरेपणा ठरतो. या लेखात ती मोजणी कशी करतात हे सांगायचे आहे, आणि चुकीच्या मोजणीची किंमत कोणाला मोजावी लागते हेही.

जुनी मुळे

बुद्धिबळ हा युद्धाचा खेळ खरा, पण त्यात प्यादे दमत नाही, उंटाला चारा लागत नाही आणि दोन्ही राजांना सारा पट दिसतो. या तीन उणिवा भरून काढण्याचा गंभीर प्रयत्न प्रशियात झाला. गेओर्ग लेओपोल्ड फॉन रायस्विट्झ यांनी १८१२ मध्ये तेथील राजाला एक युद्धखेळ सादर केला. त्यांच्या मुलाने, जो सैन्यात अधिकारी होता, तो सुधारून १८२४ मध्ये नियमांसह छापला. चौकटींचा पट जाऊन १ : ८००० प्रमाणाचा नकाशा आला. लाल आणि निळ्या ठोकळ्यांनी तुकड्या दाखवल्या जात. एक फेरी म्हणजे प्रत्यक्षातली दोन मिनिटे, आणि तेवढ्या वेळात पायदळ जितके चालेल तितकाच ठोकळा सरकायचा. गोळीबाराचा परिणाम फाशांनी ठरे, कारण युद्धात नशिबालाही जागा असते.

सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे मध्ये बसलेला पंच. दोन्ही बाजूंनी आपले हुकूम लिहून त्याच्याकडे द्यायचे, आणि ज्याला जेवढे दिसू शकेल तेवढेच तो नकाशावर मांडी. प्रशियाच्या लष्करप्रमुखांना हा खेळ इतका उपयुक्त वाटला, की त्यांनी तो सैन्याच्या शिक्षणासाठी सुचवला.

पुढे तक्रार आली, की नियम फार किचकट आहेत. १८७६ मध्ये फेर्डी दु व्हेर्न्वा यांनी बरेचसे कोष्टक बाजूला ठेवून अनुभवी पंचाच्या निर्णयावर चालणारा मोकळा खेळ मांडला. सगळे मोजावे तर खेळ चालत नाही, आणि कमी मोजावे तर तो खोटा वाटतो. खेळ आखणाऱ्याची ही अडचण आजही तशीच आहे. पंचाची जागा संगणकाने घेतली एवढेच.

संख्येचे गणित

पहिला प्रश्न साधा आहे : दोन तुकड्या भिडल्या तर किती माणसे उरतील? फ्रेडरिक लँचेस्टर या ब्रिटिश अभियंत्याने पहिल्या महायुद्धाच्या काळात याचे गणित मांडले; त्याचे पुस्तक १९१६ मध्ये प्रसिद्ध झाले. हातघाईत एका वेळी एकासमोर एकच उभा राहू शकतो. मग सारख्या तोलाच्या १००० विरुद्ध ५०० माणसांत एकास एक जाऊन मोठ्या बाजूचे ५०० उरतात. पण लांबून मारा करताना सगळेच सगळ्यांवर नेम धरू शकतात. तेथे बळ संख्येच्या वर्गाप्रमाणे वाढते. तीच लढाई झाली तर लहान बाजू पुरी संपेपर्यंत मोठ्या बाजूचे सुमारे ८६६ उरतात.

यातून दोन गोष्टी निघतात. एक म्हणजे, जागा अरुंद असेल तर मोठ्या फौजेचे सारे बळ तोंडाशीच अडते. १६६० मध्ये घोडखिंडीत बाजीप्रभूंनी हेच साधले. कित्येक खेळांत ‘लढाईची रुंदी’ असा आकडा असतो, तो याचसाठी. दुसरी म्हणजे, शत्रूची फौज एकत्र होण्याआधी तुकड्या-तुकड्यांनी गाठावी. पाचशे-पाचशेच्या दोन टोळ्या लागोपाठ गाठल्या तर त्या हजारांशी सातशे माणसे जवळजवळ बरोबरी करतात : सातशेचा वर्ग ४,९०,०००, आणि पाचशेच्या दोन वर्गांची बेरीज ५,००,०००. गनिमी कावा म्हणजे नुसते लपूनछपून मारणे नव्हे, हे विद्यार्थ्याला या एका हिशेबातून कळते.

मने आधी मोडतात

पण एवढ्यावर थांबलेला खेळ खोटाच राहतो, कारण शेवटच्या माणसापर्यंत लढणाऱ्या फौजा इतिहासात विरळा. ‘एज ऑफ एम्पायर्स’ (१९९७) या लोकप्रिय खेळात मरणाच्या दारात पोचलेला सैनिक ताज्या सैनिकाइतक्याच जोराने वार करतो आणि कोणीही आपण होऊन पळत नाही. खेळ म्हणून ते मजेचे आहे, युद्ध म्हणून नाही. १८७० च्या युद्धात मारला गेलेला फ्रेंच अधिकारी आर्दां दु पिक याच्या मरणोत्तर प्रसिद्ध झालेल्या लेखनाचे सार असे, की प्राचीन लढायांत खरी कत्तल समोरासमोर होत नसे. एका बाजूने पाठ फिरवली की ती सुरू होई.

म्हणून चांगल्या खेळात प्रत्येक तुकडीचे दोन आकडे वेगळे ठेवतात : माणसे किती आणि हिंमत किती. २००० मध्ये सुरू झालेल्या ‘टोटल वॉर’ मालिकेत बगलेवरून हल्ला झाला, थकवा आला, शेजारची तुकडी पळाली किंवा सेनापती पडला, की हिंमत उतरते. ती एका मर्यादेखाली गेली की माणसे शाबूत असूनही तुकडी पळू लागते. मराठीला हे नवे नाही. कच खाणे, धीर सुटणे, फळी फुटणे हे शब्दप्रयोग मरणाऱ्यांची संख्या सांगत नाहीत, मोडणाऱ्या मनाची अवस्था सांगतात.

दाणा-वैरण

सैन्य पोटावर चालते हे वाक्य आपण सगळे म्हणतो, पण त्याचा हिशेब क्वचित करतो. घोड्याला दिवसाकाठी चारा आणि दाणा मिळून साधारण दहा किलो लागतात असे धरू. दहा हजार घोडी म्हणजे रोजचे शंभर टन. एका लादणीच्या बैलावर शंभर किलो घातले तर रोज हजार बैल छावणीत पोचले पाहिजेत. माणसांचे पोट यात अजून धरलेलेच नाही. घोडी रानात चरली तर हा आकडा उतरतो, पण मग फौजेला एका जागी राहता येत नाही. मराठी फौज चपळ होती याचे एक कारण तिचा स्वभाव असेल, दुसरे नक्कीच वैरण आहे.

आपल्या जुन्या कागदांत ही जाण स्पष्ट दिसते. सभासदाच्या बखरीत शिवकालीन पागेची रचना दिली आहे : पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, पाच हवालदारांवर एक जुमलेदार, दहा जुमल्यांवर एक हजारी. त्याच पंचविसांमागे एक पखालजी आणि एक नालबंदही नेमलेला आहे. पाणी आणि नाल यांना फौजेच्या रचनेतच जागा होती.

चिपळूणजवळच्या छावणीतील अधिकाऱ्यांना शिवाजी महाराजांनी पाठवलेले पत्र तर प्रसिद्धच आहे. त्याचा आशय असा : साठवलेला दाणा आणि गवत आताच उधळले तर पावसाळ्यात घोडी उपाशी मरतील; मग लोक कुणब्यांच्या घरचे धान्य, गवत, भाजी उचलू लागतील, आणि रयतेला तुम्ही मोगलांहून वाईट वाटाल. मी विद्यार्थ्यांना सांगतो, की हे पत्र म्हणजे खेळाची तयार नियमावली आहे. साठा घटला की घोडी घटतात, मग लूट वाढते, लुटीने रयत तुटते, आणि रयत तुटली की पुढची बातमी, वाटाड्या आणि दाणा मिळत नाही. कारण आणि परिणाम यांची इतकी पुरी साखळी मला आजच्या मोठमोठ्या खेळांतही क्वचित आढळली आहे.

हुकूम आणि बातमी

पडद्यावरचा खेळाडू घारीसारखा वरून पाहतो आणि बोट दाबताच हजार माणसे वळतात. खऱ्या सेनापतीला धूळ दिसते, आवाज ऐकू येतो आणि तासापूर्वीची बातमी मिळते. आमच्या कागदी खेळात हुकूम जासुदाबरोबर जातो आणि घोड्याच्या चालीने पोचतो. पोचेपर्यंत परिस्थिती बदलली, तर तुकडी जुनाच हुकूम पाळते. एवढ्या एका नियमाने विद्यार्थ्यांची भाषा बदलते. ‘त्याने असे का केले?’ याऐवजी ‘त्याला तेव्हा काय माहीत होते?’ असे ते विचारू लागतात.

पानिपताची परीक्षा

या सगळ्याची कसोटी आमच्याकडे पानिपतावर लागते. इंदूर, ग्वाल्हेर आणि बडोदे या तिन्ही ठिकाणच्या वाचकांचा त्या रणाशी संबंध आहे. होळकर, शिंदे आणि गायकवाड तिघेही तेथे होते. होळकर रण सोडून का निघाले, यावर आमच्याकडे अजून आवाज चढतात.

समजा, एखाद्या आखणाऱ्याने खेळ १४ जानेवारी १७६१ च्या सकाळी सुरू केला आणि फक्त माणसे, घोडी आणि तोफा मोजल्या. इब्राहिमखान गारद्याच्या तोफा आणि पलटणी पाहता मराठ्यांचा निकाल बराच चांगला लागतो. इतिहासाशी मेळ बसेना म्हणून तो काय करतो? मराठी तुकड्यांचे ‘शौर्य’ किंवा ‘शिस्त’ दोन अंकांनी कमी करतो. निकाल जुळतो, पण कारण खोटे ठरते.

आता तोच खेळ ऑक्टोबर १७६० पासून सुरू करा. कुंजपुरा घेतल्याने दाणागोटा हाती आला आहे. महिनाअखेर अब्दाली बागपताजवळ यमुना उतरतो आणि मराठे व दिल्ली यांच्या मध्ये येतो. पुढचे अडीच महिने एकाच जागी मुक्काम, बरोबर बायकामुले, यात्रेकरू आणि बाजारबुणगे. डिसेंबरात अब्दालीची रसद तोडणारे गोविंदपंत बुंदेले मारले जातात. रोजच्या वजाबाकीने घोडी संपत जातात. जानेवारीत जी फौज बाहेर पडते तिची माणसे बरीचशी तीच, पण पोट रिकामे आणि घोडी दुबळी. सकाळी ती जोराने रेटते, दुपारी अब्दालीची राखीव फौज ताजी उतरते, विश्वासराव गोळी लागून पडतात आणि हिंमतीचा आकडा कोसळतो. येथे कोणाचेही शौर्य कमी करावे लागत नाही.

मला यात सर्वांत महत्त्वाचे वाटते ते हे : जे कारण मोजायचे राहते, ते शेवटी कोणाच्या तरी चारित्र्यावर चढवले जाते. भूक मोजली नाही, की भ्याडपणा किंवा दगाबाजी मोजावी लागते. होळकरांचा वाद एखादा खेळ सोडवू शकत नाही, तसा दावाही कोणी करू नये. पण त्या दुपारी त्यांच्या घोड्यांची अवस्था काय होती आणि मध्यावरची बातमी त्यांच्यापर्यंत केव्हा व कशी पोचली असेल, हे प्रश्न तरी तो विचारायला लावतो.

एकदा एका गटाने विचारले, “सर, बुणगे वगळून खेळलो तर चालेल?” मी म्हटले, “चालेल. मग त्यांना कोठे ठेवायचे तो हुकूम लिहा, आणि त्यांच्या रक्षणाला किती स्वार देणार तेही.” ती मुले तो हुकूम लिहायला अर्धा तास बसली. शेवटी त्यांनी बुणग्यांना बरोबरच घेतले. भाऊसाहेबांवर त्याच गोष्टीसाठी टीका करणारा निबंध त्यांच्यातल्याच एकाने आधी लिहिला होता.

शिक्षक आणि लेखकांसाठी

असा खेळ करायला संगणक लागत नाही. एक नकाशा, दोन गट, एक पंच आणि चार आकडे पुरतात : माणसे, हिंमत, दाणा-वैरण आणि बातमीला लागणारा वेळ. जमल्यास पाचवा आकडा रयतेचा ठेवावा, कारण ज्या गावाचे उभे पीक कापले जाते ते बहुतेक खेळांत दिसतच नाही. यापलीकडे वाढवण्याचा मोह टाळावा. जे मोजल्याने खेळणाऱ्याचा निर्णय बदलतो, तेवढेच मोजावे. युद्धाचे प्रसंग लिहिणाऱ्या कथालेखकालाही हीच फूटपट्टी उपयोगी पडेल.

आणि खेळ मराठीत आखावा. आमची मुले आधी ‘सप्लाय’ आणि ‘मोराल’ असे लिहीत. आता त्यांच्या कागदांवर रसद, तोबरा, पखाल, बिनी, चंदावल, जासूद आणि वैरणीला जाणारी ‘कही’ हे शब्द येतात. ते शोभेसाठी येत नाहीत. बिनीला कोण आणि चंदावलीला कोण हे ठरवल्याशिवाय फौज हलवताच येत नाही, म्हणून ते लागतात. जुना शब्द नुसता कोशात जपून जगत नाही. त्याच्यावाचून काही तरी अडले पाहिजे. येत्या काळात मराठी मुले असे खेळ स्वतः रचतील तेव्हा पडद्यावरच्या फौजेच्या पोटाचीही काळजी घेतली जाईल, आणि ती काळजी कोणत्या शब्दांत घ्यायची हे त्यांना ठाऊक असेल, अशी व्यवस्था आपण शिक्षकांनी आताच करायला हवी.