उकिरड्यातील राखी वुडलाऊस : ओळख आणि उपाय

शेणखताचा ढीग उकरताना अगर ओला पालापाचोळा उचलताना राखी रंगाचे, चपळ जीव सैरावैरा पळताना दिसतात. त्यांना वाणी समजून काही शेतकरी खतावर कीटकनाशकाची भुकटी टाकतात. हा खर्च बहुधा वाया जातो. म्हणून आधी ओळख पटवावी.

या जिवास इंग्रजीत वुडलाऊस म्हणतात. तो कीटक नसून कोळंबी व खेकडा यांच्या कवचधारी वर्गातील आहे. उकिरड्यात आढळणाऱ्या एका जातीचे शास्त्रीय नाव पोर्सेलिओनाइड्स प्रुइनोसस असे आहे. १८३३ साली शास्त्राला परिचित झालेली ही जात माणसाबरोबर जगभर पसरली आहे.

ओळखीच्या खुणा

१) लांबी सुमारे १ सें.मी.; शरीर चपटे, मागील भाग एकदम अरुंद.
२) अंगावर जांभळावर असते तशी निळसर पांढरी लव. बोटाने पुसल्यास खालचा तांबूस तपकिरी रंग दिसतो.
३) मिशांच्या सांध्यांवर पांढरट पट्टे, मिशीच्या टोकाचे भाग दोन.
४) पायांच्या ७ जोड्या. नवजात पिलांना मात्र ६ जोड्या.
५) डिवचल्यास गोळी होत नाही, पळ काढतो.

वाणीचे शरीर लांब व गोल असते, बहुतेक वलयांवर पायांच्या दोन-दोन जोड्या असतात आणि डिवचल्यास ती चकलीसारखी वेटोळे करते.

जीवनक्रम

मादी अंडी पोटाखालील पिशवीत बाळगते. कात दोन टप्प्यांत टाकली जाते. आधी मागील अर्धी, नंतर पुढील. श्वसनासाठी ओलावा लागत असल्याने हा जीव दिवसा दडून राहतो व रात्री बाहेर पडतो.

उपयोग व उपद्रव

कुजका पाला, शेण व बुरशी हे याचे मुख्य खाद्य. त्याचे तुकडे झाल्याने जिवाणूंचे काम सोपे होते व खत लवकर कुजते. म्हणून खतातील वुडलाऊस मारू नयेत. रोपवाटिकेत मात्र संख्या फार वाढल्यास वुडलाऊस कोवळी रोपे कुरतडू शकतात.

उपाय

रोपांच्या बुंध्याजवळील ओले आच्छादन बाजूला करावे. पाणी सायंकाळऐवजी सकाळी द्यावे. रात्री वाफ्याजवळ ओले गोणपाट अंथरावे, सकाळी त्याखाली जमलेले वुडलाऊस गोळा करून खताच्या खड्ड्यात सोडावेत. वाफ्यात ते उपद्रव करतात, खड्ड्यात मात्र उपयोगी पडतात.