पाण्याला वाट देणारे देऊळ



या पानावर आम्ही नेहमी बेणे, लागण, भरणी आणि खोडवा यांविषयी लिहितो. या खेपेस विषय जरा वेगळा आहे. जपानला जाण्याचा योग आला तेव्हा समुद्रात बांधलेले एक फार जुने देवस्थान आम्ही पाहिले. पाण्याशी ज्यांचा रोजचा संबंध आहे अशा शेतकऱ्याने ऐकावी अशी ती हकिगत आहे, म्हणून सांगतो.

हिरोशिमा हे नाव आपण सर्वांनी ऐकले आहे. 6 ऑगस्ट 1945 रोजी जगातला पहिला अणुबॉम्ब ज्या शहरावर पडला तेच हे. तिथून आगगाडीने सुमारे अर्ध्या तासात मियाजिमागुची हे ठिकाण लागते आणि पुढे बोटीने दहा मिनिटांत मियाजिमा बेट. बेटाचे मूळ नाव इत्सुकुशिमा. देवस्थानही त्याच नावाने ओळखले जाते.

हे देऊळ शिंतो धर्माचे. शिंतो म्हणजे डोंगर, झाड, पाणी यांत देव पाहणारा जपान्यांचा मूळचा धर्म. इथे तीन देवी आहेत आणि दर्यावर्दी लोकांचे रक्षण त्या करतात अशी श्रद्धा आहे. पुढच्या काळात बौद्ध लोकांनी यांतल्या देवीला बेन्झाइतेन मानले. ही बेन्झाइतेन म्हणजे कोण? तर आपली सरस्वती! शेजारच्याच दाइगान्जी मंदिरात तिची मूर्ती आहे.

देवस्थानाची स्थापना परंपरेने 593 सालची मानतात. आजची मांडणी 1168 च्या सुमारास तैरा नो कियोमोरी या बलाढ्य सरदाराने केली. सबंध बेटच पवित्र, तेव्हा त्याच्या मातीवर घाव घालायचा नाही, म्हणून भरती-ओहोटीच्या पट्ट्यात देऊळ बांधले असे सांगतात. भरतीला ते पाण्यावर तरंगल्यासारखे दिसते आणि ओहोटीला खाली नुसता चिखल राहतो.

पुरलेली नाही, तरी उभी

देवळासमोर सुमारे 200 मीटरवर समुद्रात लाल रंगाची भव्य कमान आहे. तिला तोरी म्हणतात. आपल्या गावाची वेस असते ना, तशी ही देवाची वेस. सध्याची कमान 1875 सालची, उंची 16 मीटरहून अधिक, म्हणजे चार-पाच मजली इमारतीएवढी. वजन सुमारे 60 टन. मुख्य दोन खांब कापराच्या झाडाचे, आणि एकेक खांब म्हणजे एकेक अख्खे झाड.

गंमत अशी की हे खांब जमिनीत पुरलेलेच नाहीत. खालच्या गाळात पाइनच्या लाकडाचे खुंट ठोकून जागा घट्ट केली आहे आणि त्यावर कमान नुसती टेकलेली आहे. वरची आडवी तुळई आतून पोकळ, तिच्यात काही टन दगड भरले आहेत. त्या भाराने आणि बाजूच्या चार आधारखांबांनी कमान लाटांत उभी राहते.

फळ्यांमधली फट

देवळाच्या दालनांना जोडणाऱ्या लांबच लांब पडव्या आहेत, सगळ्या मिळून सव्वा फर्लांगाहून जास्त. तिथे चालताना आम्ही खाली पाहिले तर फळ्या एकमेकींना चिकटवलेल्या नाहीत, मध्ये बारीक फट आहे. सुताराने काम ढिले केले असे वाटेल. पण ती फट मुद्दाम ठेवलेली आहे. मोठ्या भरतीला किंवा वादळात पाणी खालून दाबू लागले की ते फटीतून वर येते आणि तसेच उतरते. जमीन एकसंध असती तर त्या दाबाने सगळी उचकटली असती.

म्हणून नुकसान होतच नाही असे नाही बरं का. 1991 च्या तुफानात पाण्यातले नाट्यमंचाचे दालन कोसळले. 2004 च्या तुफानात बाहेरच्या अंगाचे एक वाद्यदालन गेले. पण गाभारा वाचला, आणि पडलेले पुन्हा उभे केले गेले.

डोंगराकडून आलेले संकट

समुद्राची तयारी होती, पण घाला पाठीमागून आला. सप्टेंबर 1945 मध्ये, बॉम्ब पडून जेमतेम सव्वा महिना झाला असताना, मोठे तुफान आले. देवळामागच्या मोमिजीदानी दरीतून माती, धोंडे आणि झाडे लोंढ्याने खाली आली आणि देवळाखाली गाळ भरला. देश हरलेला, शहर राख झालेले, लोकांना खायला नाही. तरीही 1948 ते 1950 या काळात त्या ओढ्यावर बंदोबस्ताचे काम झाले. त्याचे नियम ऐका: मोठे धोंडे फोडायचे नाहीत, झाड तोडायचे नाही, दगड तिथलाच वापरायचा आणि सिमेंट दिसू द्यायचे नाही. कामावर बागकाम करणारे कारागीर घेतले. आज तिथून चालताना हा बांध आहे हे सांगितल्याशिवाय कळत नाही. नालाबांध इतका देखणा असू शकतो हे आम्ही प्रथमच पाहिले.

शाकारणी आणि वाळवी

देवळाची छपरे सरूच्या जातीतल्या हिनोकी झाडाच्या सालीने शाकारलेली आहेत. ही साल उभ्या झाडाची, जाणकार माणसे झाडाला इजा न करता काढतात. आठ-दहा वर्षांनी पुन्हा साल येते, पुन्हा काढतात. आपल्या खोडव्यासारखंच म्हणा ना!

लाकूड मात्र कुजतेच. 1950 मध्ये कमानीच्या खांबांचे बुंध्याकडचे कुजके भाग काढून नवे लाकूड सांधले. 2019 ते 2022 अशी साडेतीन वर्षे ती परांच्यांनी झाकून पुन्हा दुरुस्त केली, तेव्हा आत कूज आणि वाळवी सापडली. त्यात भर माणसांची. ओहोटीला कमानीपर्यंत चालत जाता येते, आणि नवस म्हणून लोक खांबांच्या भेगांत नाणी ठोकतात. भेग रुंदावते, पाणी आत शिरते. देवस्थान विनवते की असे करू नका, तरी लोक ऐकत नाहीत. भक्तीनेही देवाची वेस पोखरली जाते, ती अशी.

बेटावर जाणाऱ्या पाहुण्याकडून ऑक्टोबर 2023 पासून शंभर येन घेतले जातात. रक्कम किरकोळ, पण प्रत्येकाने द्यायची. साडेआठशे वर्षांची ही मांडणी कुण्या एका राजाच्या जोरावर टिकलेली नाही. दर पिढीने आपल्या वाट्याची दुरुस्ती केली आणि ती पुढे ढकलली नाही, म्हणून ती टिकली.

आता आपल्या रानाचे बोलू. पाणी अडवण्याची हुशारी आपल्याकडे भरपूर आहे, ते बाहेर काढण्याची कमी. निचऱ्याला वाट नसली की काळी जमीन आधी पाणथळ होते, मग क्षारपड, आणि मग ना लागण साधते ना खोडवा. आपला चर शेजाऱ्याच्या बांधाशी थांबला तर दोघांचेही रान बुडते. तेव्हा पावसाळ्याआधी शिवारातले सगळे मिळून चर उकरा, ओढ्यापर्यंत वाट मोकळी करा. चराची आखणी करून देण्यास आमच्या विभागाचे कर्मचारी गटवार येतील. गट कार्यालयात आपले नाव व गट नंबर नोंदवावा.