पोलीस ठाण्यातली खुर्ची

‘टिस’ अर्थात टाटा सामाजिक विज्ञान संस्थेतलं संशोधन देवनारच्या वर्गखोल्यांत मावत नाही. १९८४मध्ये संस्थेने मुंबई पोलीस आयुक्तालयातच महिला व मुलांसाठी विशेष कक्ष उघडला. नवऱ्याच्या मारहाणीची तक्रार घेऊन आलेल्या बाईचं ऐकून घ्यायला पोलिसांच्याच छपराखाली समाजकार्यकर्ती बसू लागली. १९९०पासूनचा ‘प्रयास’ प्रकल्प तुरुंगात शिरला, जामीन मंजूर होऊनही जामीनदाराअभावी अडकलेल्या कच्च्या कैद्यांपर्यंत. मुलांसाठीची १०९८ हेल्पलाइनही इथलीच, १९९६ची. आणि ‘कोशिश’! या गटाने बिहारमधल्या निवारागृहांचं सामाजिक लेखापरीक्षण केलं, त्यातून २०१८मध्ये मुझफ्फरपूरच्या बालिकागृहातले अत्याचार चव्हाट्यावर आले. एरवी असे अहवाल कपाटात धूळ खातात. या प्रकरणात मात्र जानेवारी २०२०मध्ये दिल्लीच्या न्यायालयाने १९ जणांना दोषी ठरवलं.